हर्नियाचं ऑपरेशन

घरात सांगितलं होतं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. बँकेतही तेच. रजेच्या अर्जावर 'पोटाची शस्त्रक्रिया' असं मोघम लिहिलं होतं, म्हणजे निदान कागदावर तरी खोटं नव्हतं. खरं काय ते नवऱ्याला आणि पुण्यात राहणाऱ्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. 'पैसे मोजून बारीक झालेली बाई' ही ओळख तिला कराडात नको होती.

ही बाई म्हणजे प्रस्तुत लेखिका. स्वतःबद्दल 'मी, मी' करत लिहायला बसलं की त्याचं एक तर रडगाणं होतं, नाही तर फुशारकी. त्यापेक्षा जरा लांब उभं राहून, शेजारणीबद्दल सांगावं तसं सांगितलेलं बरं. शेजारणीच्या चुका आपल्याला कशा चटकन दिसतात!

तर वय ४३, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. मधुमेह सात वर्षांचा, आणि घोरणं असं की नवरा हॉलमध्ये झोपायला जाई. वजनावरचे सगळे उपाय करून झाले होते. डॉ. दीक्षितांचं दिवसातून दोनदाच खाणं आणि आहारतज्ज्ञ दिवेकरांचं दर दोन तासांनी खाणं, हे दोन्ही पंथ तिनं एकाच वर्षात अनुभवले. दोष त्यांचा नाही. ती कुठेच तीन आठवड्यांच्या पुढे टिकली नाही. गुडघ्यांनी जिना नाकारला तेव्हा तिनं पुण्याच्या एका सर्जनची वेळ घेतली.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया म्हटलं की आपल्याकडे अजून २०१७ सालची इमान अहमद आठवते. इजिप्तहून मालवाहू विमानानं मुंबईत आणलेली, वजन पाचशे किलोच्या घरात असल्याचं सांगितलं गेलेली ती तरुणी. ते चित्र मनात इतकं घट्ट बसलंय की ११२ किलोच्या बाईला वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. डॉक्टर मात्र किलो पाहत नाहीत, बीएमआय पाहतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. तिचा आकडा आला ४६. अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलेला नियम असा होता की चाळीसच्या वर असेल तर शस्त्रक्रिया, किंवा पस्तीसच्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी तो सैल केला आणि आशियाई लोकांसाठी विचार करण्याची पायरी २७.५ वर आणली.

आपल्यालाच ही सवलत का, याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे दिसायला सडपातळ असलेला भारतीयही आतून बऱ्यापैकी तुपाळ असू शकतो.

विमा कंपनी मात्र अजून जुन्याच आकड्यांवर आहे. विमा नियामकाच्या अटींनुसार वय किमान अठरा हवं. बीएमआय चाळीस हवा, किंवा पस्तीस आणि त्यासोबत अनियंत्रित मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार, हृदयविकार यांपैकी काही. शिवाय आधीचे उपाय फसल्याचंही दाखवावं लागतं. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आपण रद्दीत घालतो. तिनंही घातल्या होत्या, आणि मग त्या नव्यानं गोळा करण्यात दीड महिना गेला. पॉलिसीतला प्रतीक्षा काळही आधी वाचावा. तो ऑपरेशनची तारीख ठरल्यावर वाचण्यात काही अर्थ नसतो.

मग तपासण्यांची रांग. रक्तातली साखर, थायरॉइड, लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी, जठरासाठी एंडोस्कोपी. एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं, तेव्हा श्वास तासाला किती वेळा थांबतो ते कळलं आणि नवऱ्याचा हॉलमधला वनवास सकारण ठरला. ऑपरेशनपूर्वी काही आठवडे ती नाकावर हवेच्या दाबाचं यंत्र लावून झोपली.

"तंबाखू?" भूलतज्ज्ञांनी विचारलं. "छे," ती म्हणाली. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. तंबाखू मळतात ते पुरुष. ती तर फक्त मिश्री लावायची, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरून यायला वेळ लागतो, व्रण होण्याचा धोका वाढतो. बहिणीनं बाथरूमच्या खिडकीतली डबी पाहिली आणि डॉक्टरांना सांगितलं. तारीख सहा आठवडे पुढे गेली. ती बहिणीशी चार दिवस बोलली नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हाही तिला राग आला होता. मला काय वेड लागलंय? त्यांनी साधेच प्रश्न विचारले. रात्री उठून खाता का? रडू आलं की खाता का? शेवटी विचारलं, घरात कुणाकुणाला माहीत आहे? "सगळ्यांना," ती म्हणाली. मिश्रीचं उत्तर अजाणतेपणी चुकलं होतं, हे जाणूनबुजून.

शेवटचे दोन आठवडे प्रथिनांची पेयं, ताक, सूप, थोड्या भाज्या, बस्स. हे उपासाचं प्रकरण वजनासाठी नसतं, यकृतासाठी असतं. यकृताचा डावा भाग जठरावर पांघरूण घातल्यासारखा असतो. तो चरबीनं फुगलेला असेल तर दुर्बिणीतून काम करणाऱ्या सर्जनला तो उचलून धरणं जड जातं. दोन आठवड्यांत तो बराच आक्रसतो. 'एका पुरणपोळीनं काय होतंय' असा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांनी ही पोळी आपण सर्जनच्या हातात ठेवतोय असं समजावं.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण ती तेव्हा झोपलेली होती. प्रकार 'स्लीव्ह'चा. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग स्टेपलरनं कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भुकेची जाणीव करून देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून नुसती जागाच नाही तर भूकही कमी होते. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्याच संध्याकाळी चालवलं. तिसऱ्या दिवशी घरी. जाताना बजावलं की नाडी १२०च्या वर गेली, ताप आला, धाप लागली किंवा डावा खांदा दुखायला लागला तर वाट पाहू नका. टाक्यांतून गळती असू शकते. ते तिनं पाठ केलं होतं. तसलं काही झालंही नाही.

झालं ते वेगळंच. दोन आठवडे पातळ पदार्थ नीट गेले. तिसऱ्या आठवड्यात मऊ घोटलेलं खाणं सुरू केलं आणि उलट्या लागल्या. आधी दिवसातून एकदा, मग प्रत्येक घासाला. तिला वाटलं, नवं जठर आहे, सवय होईल. पुण्याची पंधरा दिवसांची भेट तिनं पुढे ढकलली, कारण हर्नियाच्या पेशंटनं इतक्यांदा पुण्याला कशाला जायचं? जीवनसत्त्वांच्या गोळ्या पोटात ठरेनात, म्हणून त्याही सोडल्या. सासूबाईंनी मायेनं पेज सुरू केली, पांढऱ्याशुभ्र तांदळाची, मीठ आणि थेंबभर तूप घालून. तेवढी कशीबशी आत राहायची.

पाचव्या आठवड्यात अशक्तपणा इतका वाढला की घराजवळच्या दवाखान्यात नेलं. "ऑपरेशन कसलं झालंय?" डॉक्टरांनी विचारलं. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. "हर्नियाचं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी ग्लुकोजचं सलाइन लावलं. उलट्या होऊन थकलेल्या हर्नियाच्या पेशंटला कुणीही लावलं असतं. दुसऱ्या दिवशीही लावलं. त्या रात्री तिला भिंतीवरचं एक घड्याळ दोन दिसायला लागलं, आणि बाथरूमला जाताना ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात गेली. पायांना मुंग्या तर आठवडाभर येत होत्या. सासूबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे, दुसरं काय.

यामागचं कारण असं. ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच साठतं. सततच्या उलट्यांनी ते संपतं. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते जवळजवळ नसतंच, कारण ते कोंड्यासोबत निघून जातं. जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरनं पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले होते. १९२९ च्या नोबेलमध्ये त्या निरीक्षणाचा वाटा आहे. म्हणजे सासूबाईंची पेज मायेची होती, पण कोंबड्यांना मिळालेलीही तीच. त्यावर ग्लुकोज. साखर जाळायला शरीराला थायमिन लागतं, म्हणून थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं आणि मार मेंदूला बसतो. डोळे, तोल आणि भान या तिन्हींवर आघात करणारा हा विकार कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये नोंदवला. त्यांच्या पहिल्या तीन रुग्णांपैकी दोघे दारुडे होते, आणि तिसरी होती कपडे शिवणारी एक तरुण मुलगी. आम्ल प्यायल्यानं तिच्या जठराची वाट आकसली होती आणि तिला उलट्या थांबत नव्हत्या. प्रस्तुत लेखिकेला त्या मुलीबद्दल हल्ली फार वाटतं.

वाचवलं ते पुन्हा बहिणीनं. फोनवर बोलणं अडखळतंय हे ऐकून तिनं परस्पर सर्जनना कळवलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: दिसतं नीट? चालते नीट? आणि म्हणाले, कुठल्याही दवाखान्यात न्या, पण आधी थायमिनचं इंजेक्शन, मग बाकीचं. सासूबाईंसमोर सगळं सांगावं लागलं. कराडच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत, लगेच शिरेतून थायमिन सुरू केलं आणि रुग्णवाहिका मागवली. पुण्यात एंडोस्कोपी केली तेव्हा जठराची नळी मध्येच आवळलेली निघाली. ती फुग्यानं रुंद केली. डोळे चार दिवसांत सरळ झाले. तोल यायला तीन महिने लागले. पायाच्या बोटांना अजून पूर्ण जाणीव नाही. स्लीपर पायातून निघून गेली तरी कळत नाही, मागून कुणीतरी आणून देतं.

सासूबाई त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी पेज नसती दिली."

त्यानंतरची शिस्त मात्र कडक. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं, असं आहारतज्ज्ञ म्हणतात तेव्हा शाकाहारी मराठी घरात शांतता पसरते. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम. पेलाभर दुधात सहा-सात. अंड्यात सहा. पोटात एका वेळी अर्धी वाटी मावत असताना हा हिशेब नुसत्या जेवणातून सुरुवातीला जुळतच नाही, म्हणून प्रथिनांची पावडर. ताटातही क्रम उलटा करावा लागतो: आधी पनीर, अंडं, उसळ, भाजी नंतर, भात-पोळीला उरली तर जागा. मऊ पोळीचा गोळा नळीत अडकतो, त्यापेक्षा भाकरीचा चुरा दह्यात कालवलेला सुखानं उतरतो. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बाकी दिवसभर घोट घोट करत दीड-दोन लिटर. तांब्या उचलून घटाघटा पिण्याचं सुख संपलं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळले. ती घाबरली, पण भराभर वजन उतरताना ते होतं आणि पुढे येतातही. पित्ताचे खडे त्याच घाईत होतात, त्यासाठी सहा महिने गोळी. जठराचा बायपास केलेल्या एका मैत्रिणीला गणपतीत तिसरा मोदक खाल्ल्यावर दहा मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडली. साखर थेट आतड्यात उतरली की असं होतं. तिला अंगदुखीच्या साध्या गोळ्याही विचारून घ्याव्या लागतात, बायपासनंतर त्यांनी व्रण होतात. मूल हवं असलेल्या मुलींना दीड वर्ष थांबायला सांगतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वर्षाकाठी रक्ततपासणी ही जन्मभराची.

वजन दीड वर्षात ७७ पर्यंत उतरलं आणि आता ८१ वर आहे. हे चार किलो मनाला लागतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांचा अभ्यास झाला, त्यातही वजन वर्ष-दोन वर्षांत तळ गाठून थोडं परत चढलेलंच दिसतं. मधुमेहाची एकच गोळी उरलीय. नवरा हॉलमधून परत आलाय.

पाकिटात आता प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड असतं. वर शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख. खाली ठळक अक्षरांत, 'उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी थायमिन द्या'. मग सर्जनचा नंबर. तसंच दुसरं सासूबाईंच्या फ्रिजवर चुंबकानं लावलंय.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या एक वहिनी आल्या. चहा झाला, इकडचं-तिकडचं झालं. मग पदर सावरत हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचं ते हर्नियाचं ऑपरेशन कुठं केलंत हो? मलाही करायचंय."

लेखिकेनं आतून फाइल आणली, चष्मा लावला.

"आधी सांगा, मिश्री लावता?"

"छे हो," वहिनी म्हणाल्या. "फक्त सकाळची."