गोठा ते प्रयोगशाळा: पशुशल्यचिकित्सेतली नवी वाट

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटूनथटून मिरवतात, गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधासाठी गर्दी होते. तरीही बारावीनंतर मुलगी ‘व्हेटर्नरी’ म्हणाली, की घरचे विचारतात, ‘म्हणजे गुरांचा डॉक्टर?’

या डॉक्टरचं काम आता सुईदोऱ्यापुरतं उरलेलं नाही. हर्नियामुळे म्हशीच्या पोटाच्या स्नायूंना मोठं भगदाड पडलं, तर नुसते टाके ताण सोसत नाहीत. अशा वेळी ऊती-अभियांत्रिकी मदतीला येते. जनावराची त्वचा, आतडं किंवा हृदयाचं आवरण रसायनांनी धुऊन त्यातल्या पेशी काढतात. उरते कोलॅजनची जाळी. इमारतीला परांची बांधावी तशी ती जखमेत बसवतात. जनावराच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, नवी ऊती तयार होते, जाळी हळूहळू विरून जाते. परक्या पेशीच नसल्यानं शरीरानं ती नाकारण्याचा धोकाही कमी.

बरेलीजवळ इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत या जाळ्यांवर बरंच काम झालं आहे. या संस्थेची सुरुवात १८८९ साली पुण्यात झाली होती! तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं डुकराच्या पित्ताशयापासून अशीच ‘कोलेडर्म’ नावाची जाळी बनवली. माणसांच्या जखमांसाठी तिला २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली.

इथं पोचायच्या वाटा दोन.

पहिली पशुवैद्यकाची. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि ‘नीट’चे गुण हवेत. साडेपाच वर्षांच्या पदवीत एक वर्ष इंटर्नशिप असते. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढे शल्यचिकित्सेत एम.व्ही.एस्सी. करता येतं. संशोधन नाही जमलं तरी सरकारी पशुधन विकास अधिकारी, दूध संघ किंवा स्वतःचा दवाखाना हे पर्याय हाताशी राहतात.

दुसरी वाट ‘नीट’विना, बायोटेक्नॉलॉजीतून जाते. शिवाजी विद्यापीठात हा विषय आहे, कोल्हापूरच्याच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेल आणि पुनर्जनन वैद्यकाचा विभाग आहे. मात्र या वाटेवर शस्त्रक्रिया करता येत नाही आणि पीएच.डी.पर्यंत धीर धरावा लागतो.

फक्त या जाळ्यांवरच्या नोकऱ्या आज थोड्या आहेत. त्यामुळे पालकांनी चकचकीत नावाच्या कोर्सची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना वापरायला मिळते का, प्राणी-प्रयोगांसाठी नैतिकता समिती आहे का, आणि मागच्या तुकडीतली मुलं आज कुठं काम करतात.