उतारावरचे पाणी : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

मृगाच्या मोठ्या सरीनंतर ओढ्याला गढूळ पाणी येते. तो रंग गावाच्या शेतांचा असतो, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे हा या पाठाचा हेतू होय. पाठ पावसाळ्याच्या आरंभी घ्यावा.

गणित. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे एक लक्ष लिटर पाणी पडते. त्याच एकरावरील एक सेंटिमीटर जाडीचा थर वाहून गेल्यास सुमारे ४० घनमीटर माती जाते. गावातील गाडीत किती माती मावते हे मोजून तिच्या खेपा किती होतील, ते विद्यार्थ्यांकडून काढवून घ्यावे. एवढा थर निसर्गतः तयार होण्यास शतके लागतात.

प्रयोग. दोन पसरट पेट्यांत सारखी माती भरून त्या सारख्याच तिरप्या ठेवाव्यात. एकीत उताराच्या दिशेने व दुसरीत उताराला आडव्या रेघा ओढाव्यात. दोहोंवर झारीने सारखे पाणी घालावे व खाली आलेले पाणी काचेच्या भांड्यांत धरावे. तळाशी बसलेला गाळ पाहून नांगरट व पेरणी उताराला आडवी का करावी, हे मुलेच सांगतील.

शिवारातील काम. दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाशी बांधून मध्ये आडवी पट्टी जोडावी व शेंड्यापासून ओळंबा सोडावा. चौकट उभी करून पट्टीवर दोरीची खूण करावी; मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य हा समपातळीचा बिंदू होय. दोरी तेथे येईल अशा रीतीने पाय टाकीत गेल्यास समपातळी रेषा आखली जाते.

सावधगिरी. हलक्या व मध्यम जमिनीत, कमी पावसाच्या प्रदेशात समपातळी बांध उपयोगी पडतात. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही; ते साचून पीक पिवळे पडते व बांध फुटतो. तेथे बांधाला किंचित ढाळ व शेवटी दगडी सांडवा हवा.

गावाचा प्रश्न. वरच्या शेतातील मोकाट पाणी खालच्याचा बांध फोडते. म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे यावे लागते. याच जाणिवेने मुंबई प्रांतात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने १९९० नंतर डोंगरउतारावर चर खोदले. त्याचबरोबर सिंचनासाठी विंधनविहिरी न घेण्याचा निर्बंधही पाळला. अडविलेले पाणी जपून वापरले तरच टिकते, हा त्यातील बोध होय.

स्वाध्याय. १. आपल्या शेताचे पाणी कोणाच्या शेतात उतरते? २. बांधावरून होणारा कोणता तंटा दोघांनी मिळून सांडवा बांधल्यास मिटेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी वडीलधाऱ्यांशी बोलून आणावे. तंट्यातील नावे मात्र वर्गात घेऊ देऊ नयेत.