कामाच्या ठिकाणी मनाला आधार : नवी साधने आणि जुना प्रश्न

कारखान्यात यंत्रात सापडून एखाद्या कामगाराचे बोट तुटले, तर अपघाताची नोंद होते, प्रथमोपचाराची पेटी उघडली जाते आणि नुकसानभरपाईचा प्रश्न कायद्याच्या कक्षेत येतो. त्याच कामगाराला महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, कामावर निघताना छाती धडधडत असेल किंवा जगणेच निरर्थक वाटू लागले असेल, तर त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. शरीराची इजा चारचौघांना दिसते. मनाची इजा ज्याची त्यालाच ठाऊक असते, आणि ती बोलून दाखवण्याची त्याला लाज वाटते.

या न बोललेल्या दुःखाचे प्रमाण लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील काम करण्याच्या वयाच्या प्रौढांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. नैराश्य आणि चिंताविकार या दोन कारणांमुळेच दरवर्षी जगभर कामाचे सुमारे १,२०० कोटी दिवस वाया जातात, असाही तिचा अंदाज आहे. भारतात बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘निम्हान्स’ने, २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत सर्वेक्षण केले. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के पीडितांना उपचार मिळत नाहीत, असे त्यात दिसून आले. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या अपुरी, ती बहुतांशी मोठ्या शहरांत एकवटलेली, आणि दवाखान्याची पायरी चढताना कोणी पाहील ही धास्ती. अशा परिस्थितीत दूरध्वनी, संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्याद्वारे मानसिक साहाय्य देण्याची कल्पना पुढे आली, हे स्वाभाविकच होते.

साधनांचे तीन प्रकार

‘डिजिटल साहाय्य’ या एकाच नावाखाली परस्परांहून अगदी भिन्न अशा गोष्टी मोडतात. पहिल्या प्रकारात दुसऱ्या टोकाला प्रशिक्षित माणूस असतो. दूरध्वनीवरून किंवा पडद्यावर समोरासमोर संभाषण होते. दुसऱ्या प्रकारात माणूस नसतो, स्वाध्याय असतो. मनात आपोआप येणारे विचार टिपून ठेवणे, ते वस्तुस्थितीशी ताडून पाहणे, झोपेच्या वेळा नियमित करणे, श्वसनाचे व्यायाम करणे, असे बोधात्मक वर्तनोपचारावर आधारलेले पाठ भ्रमणध्वनीवरील ॲपमधून क्रमाक्रमाने दिले जातात. तिसऱ्या प्रकारात संगणकाची प्रणालीच माणसाशी संभाषण करते. सौम्य तणावासाठी दुसरा प्रकार पुरेसा ठरू शकतो. आत्महत्येचे विचार मनात घोळत असलेल्या व्यक्तीला मात्र पहिल्याच प्रकाराची गरज असते. म्हणून एखादी आस्थापना असे साधन स्वीकारते तेव्हा ते कोणत्या प्रकारचे आहे आणि संकटाच्या क्षणी ते माणसाला माणसाशी जोडून देते की नाही, याची चौकशी प्रथम झाली पाहिजे.

हॉथॉर्नचा अनुभव

साधने नवी असली तरी कामाच्या ठिकाणी मनाला आधार देण्याचा प्रयत्न नवा नाही. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न हा प्रचंड कारखाना होता. तेथे १९३६ साली समुपदेशनाची एक योजना सुरू झाली. कंपनीने नेमलेले समुपदेशक कारखान्यात फिरत, कामगारांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेत आणि ते वरिष्ठांना न सांगण्याचे वचन देत. मात्र कामगाराने सांगितलेल्या गाऱ्हाण्याचे निवारण करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ऐकण्याने कामगाराचे मन हलके होई, पण ज्या कारणाने ते जड झाले ते कारण जागच्या जागी राही. कामगारांच्या असंतोषाला अशा रीतीने वाट करून देऊन मूळ प्रश्न टाळला जातो, अशी टीका कामगार संघटनांच्या बाजूने झाली. १९५६ मध्ये ही योजना बंद पडली.

भारतातही १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले होते. हा अधिकारी कामगारांच्या हितासाठी असला तरी त्याचा पगार मालकाच्या तिजोरीतून होई, आणि मनातली गोष्ट त्याच्यापाशी उघड करावी की करू नये हा संभ्रम कामगाराच्या मनात राहणे अपरिहार्य होते. हातातल्या ॲपविषयीही कामगार तोच प्रश्न विचारतो : हे माझ्यासाठी आहे की माझ्यावर नजर ठेवण्यासाठी?

बाहेर जाण्याची विनंती

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ ही संभाषण करणारी प्रणाली प्रसिद्ध केली. रुग्णाचेच शब्द फिरवून त्याला प्रश्न विचारणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची ती नक्कल करी. ‘मला उदास वाटते’ असे टंकलिखित केले की ‘उदास का वाटते?’ अशा धर्तीचे उत्तर येई. तिला कशाचेही आकलन नव्हते. असे असताना, ती कशी तयार झाली हे महिनोन्‌महिने पाहिलेल्या वायझेनबाउम यांच्या सचिव महिलेने तिच्याशी बोलावयास प्रारंभ केला आणि थोड्याच वेळात त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली.

यंत्रावर माणूस किती सहज विश्वास टाकतो याचे उदाहरण म्हणून ही घटना सांगितली जाते. खुद्द वायझेनबाउम यांना ती चिंताजनक वाटली आणि पुढे ते अशा वापराचे कठोर टीकाकार बनले. परंतु तिच्यात आणखी एक बोध आहे. खोलीतील दुसरी व्यक्ती त्या महिलेचा वरिष्ठ अधिकारी होती, आणि मन मोकळे करताना वरिष्ठ तेथे नसावा ही तिची पहिली गरज होती. संभाषण माणसाशी असो वा यंत्राशी, ही गरज बदलत नाही.

गोपनीयतेची किंमत

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयीची व उपचाराविषयीची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क दिला आहे, आणि इलेक्ट्रॉनिक वा डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही तो लागू आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, अशा मोजक्या प्रसंगीच त्याला अपवाद होतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र अधिनियम संमत झाला. वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी संमती घ्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र होय. तथापि नोकरीच्या प्रयोजनासाठी काही प्रसंगी संमतीवाचूनही ती वापरता येईल, अशी तरतूदही त्यात आहे. म्हणून केवळ कायद्यावर विसंबून न राहता मालक आणि सेवा पुरवणारी संस्था यांच्यातील करारातच ही सीमा स्पष्ट शब्दांत आखली पाहिजे.

ती आखली नाही तर काय होते, याचे दाखले अलीकडचेच आहेत. फिनलंडमधील वस्तामो या मानसोपचार संस्थेच्या संगणकांतून सुमारे ३३,००० रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्याचे २०२० मध्ये उघडकीस आले. चोराने प्रथम संस्थेकडे आणि नंतर थेट रुग्णांकडे खंडणी मागितली. दुसऱ्याच वर्षी संस्था दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेत बेटरहेल्प या समुपदेशन कंपनीने गोपनीयतेचे आश्वासन देऊनही ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवली, असा आरोप संघीय व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ साली तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले.

आस्थापनेच्या आतही धोका असतो, आणि तो बहुधा हेतुपुरस्सर नसतो. कोणत्या विभागातील किती जणांनी सेवा वापरली, याचा नावे वगळलेला अहवाल व्यवस्थापनाला देण्याची प्रथा आहे. विभागात पाचशे माणसे असतील तर त्यातून कोणाची ओळख पटत नाही. विभाग सहा जणांचा असेल आणि ‘एकाने तीन वेळा संपर्क साधला’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते नाव लिहिल्यासारखेच होते. लहान गटांची आकडेवारी स्वतंत्रपणे देऊ नये, हा नियम याच कारणाने आवश्यक ठरतो.

सार्वजनिक व्यवस्था

मालकाच्या कक्षेबाहेरची एक व्यवस्था भारतात उपलब्ध आहे. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेली ‘टेली मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मिळणारी ही सेवा वीस भाषांत चालते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज पडल्यास तज्ज्ञाकडे जोडून देतो. निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. साधा दूरध्वनीही पुरत असल्यामुळे ज्यांना कोणतीही कंपनी ॲप देत नाही अशा बांधकाम मजुराला, घरकाम करणाऱ्या स्त्रीला किंवा कंत्राटी कामगारालाही ती वापरता येते.

एका विशिष्ट सेवेसाठी तिचा उपयोग कसा करता येतो, हे सैन्यदलांच्या उदाहरणावरून दिसते. संरक्षण आणि आरोग्य या दोन मंत्रालयांतील करारानुसार पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये दोन वर्षांच्या प्रायोगिक मुदतीसाठी टेली मानसचा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. घरापासूनचा दीर्घ वियोग आणि दुर्गम प्रदेशातील नेमणुका यांतून येणारा ताण जाणणारी माणसे दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला असावीत, हा त्यामागील विचार होता.

प्रारंभ कसा करावा

या सर्व अनुभवांवरून काही सूत्रे हाती येतात. साधन निवडण्यापूर्वी कामगारांशी व त्यांच्या संघटनेशी विचारविनिमय व्हावा. नोंदणी ऐच्छिक असावी, आणि ती कार्यालयाच्या ई-मेलवरून न होता व्यक्तीच्या स्वतःच्या क्रमांकावरून व्हावी. कामगार ज्या भाषेत घरी बोलतो त्या भाषेत सेवा मिळावी. दुःख सांगताना माणूस शिकलेली भाषा विसरतो. रात्रपाळीच्या कामगारालाही ती मिळावी, आणि तिच्यासाठी लागणारा वेळ त्याच्या मजुरीतून कापला जाऊ नये. कायम कामगारांना जे मिळते ते कंत्राटी कामगारांनाही मिळावे. पर्यवेक्षकांनी समुपदेशक बनण्याची आवश्यकता नाही. परंतु सहकाऱ्याच्या वागण्यातील बदल ओळखणे आणि त्याला दरडावण्याऐवजी एकांतात विचारपूस करणे हे त्यांना शिकवले पाहिजे.

एवढे केले तरी एक प्रश्न उरतोच. ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तणाव हाताळण्याचे प्रशिक्षण, ॲप यांसारखे व्यक्तीवर केंद्रित उपाय वापरणाऱ्यांची मनःस्थिती ते न वापरणाऱ्यांपेक्षा चांगली असल्याचे त्यांना आढळले नाही. एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही हा निष्कर्ष विचारात घेण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही व्यक्तीवरील उपायांबरोबर कामाची परिस्थिती बदलण्यावर भर दिलेला आहे. कामाचे तास, पाळ्यांची आखणी, वरिष्ठांची वागणूक आणि नोकरीची शाश्वती यांचा त्या परिस्थितीत समावेश होतो.

सलग सहा रात्री पाळी केलेल्या कामगाराला झोपेचे पाठ देणारे ॲप उपयोगी पडेल, पण थोडेच; त्याची पाळी बदलली तर त्याला झोप लागेल. हॉथॉर्नच्या समुपदेशकांना ऐकलेल्या गाऱ्हाण्यावर उपाय करता येत नव्हता. आजच्या व्यवस्थापनाला तो करता येतो. व्यक्तीचे बोलणे गुप्त राखून, अनेकांच्या बोलण्यातून वारंवार डोकावणारे एकच कारण जेथे शोधले जाते आणि दूर केले जाते, तेथेच अशा साधनावर कामगारांचा विश्वास बसतो.