शालेय सहलीचे नियोजन : आरंभ परतीच्या वाटेपासून

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वनभागात अशी कितीतरी मुले आहेत, की ज्यांनी आगगाडी केवळ पुस्तकातील चित्रात पाहिली आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्या जिल्ह्यात आगगाडी दीर्घकाळ वडसा येथेच काय ती भेटत आली आहे. शाळेची सहल हा अशा मुलाचा पहिला रेल्वेप्रवास ठरतो. तो सुखरूप व्हावा आणि त्यातून शिक्षणही घडावे, यासाठी योजना बारकाईने आखली पाहिजे.

१. शेवटाकडून आरंभ. पुष्कळ शिक्षक प्रथम प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात व परतीचा विचार अखेरीस करतात. हा क्रम उलटा करावा. आपल्या गावी जाणारी शेवटची एस. टी. कोणत्या वेळी सुटते, हे प्रथम लिहावे. तिच्या किमान दोन तास आधी स्थानकावर पोहोचणारी गाडी निवडावी आणि त्यावरून मागे मागे येत प्रत्येक दिवसाचे वेळापत्रक ठरवावे. गाडीला उशीर झाला, तर लहान मुलांना घेऊन रात्री जंगलातील रस्त्याने जाण्याचा प्रसंग येऊ नये, हा यातील हेतू होय.

२. स्थानकांची नावे. चंद्रपूर शहरात दोन स्थानके आहेत. नागपूर–बल्लारशाह मुख्य मार्गावरील ते चंद्रपूर आणि वडसा–नागभीडकडून येणाऱ्या मार्गावरील ते चांदा फोर्ट. वडशाहून येऊन पुढे नागपूरकडे जावयाचे असल्यास एका स्थानकावरून दुसऱ्यावर जाण्याचा वेळ धरावा, किंवा गाडी बल्लारशाह येथे बदलावी. तसेच बल्लारशाहकडून नागपूरला जाणाऱ्या गाड्या वर्धा जंक्शनवर न जाता सेवाग्राम स्थानकावरून जातात. याच स्थानकाचे नाव पूर्वी वर्धा पूर्व असे होते. नावांच्या घोटाळ्याचे एक उदाहरण मुलांना अवश्य सांगावे. गांधीजी १९३६ साली जेथे राहावयास गेले, त्या खेड्याचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी गोंधळ होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.

३. मुक्काम एक, फेऱ्या अनेक. रोज नव्या गावी मुक्काम केल्यास सामान बांधण्यातच मुले थकतात. नमुन्यादाखल तीन दिवसांची योजना अशी : मुक्काम वर्धा–सेवाग्राम परिसरात ठेवावा. पहिल्या दिवशी प्रवास व सायंकाळी आश्रम पाहणे. दुसऱ्या दिवशी सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपूर सकाळच्या गाडीने गाठून रात्रीपूर्वी परतणे. तेथे १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय व रमण विज्ञान केंद्र ही दोनच स्थळे निवांतपणे पाहावी. तिसऱ्या दिवशी सकाळी धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रम पाहून परतीची गाडी धरावी. स्थळांच्या साप्ताहिक सुट्टीची चौकशी आधीच करावी.

४. खर्च. पैशाअभावी एकही मूल मागे राहू नये. ग्रामीण भागातील शासकीय शाळांच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा अभ्याससहलीसाठी द्वितीय वर्गात ७५ टक्के सवलतीची तरतूद रेल्वेने केलेली आहे. आपल्या शाळेस ती कशी लागू होते, हे मुख्याध्यापकांनी पत्र देऊन स्थानकावर आगाऊ विचारावे. ५ वर्षे पूर्ण ते १२ वर्षांखालील मुलास अर्धे भाडे पडते. मात्र २०१६ पासून आरक्षित डब्यात स्वतंत्र जागा घेतल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. पावसाळ्यात नदीनाल्यांच्या पुराने रस्ते बंद पडतात, सबब दिवाळीनंतरचा काळ निवडावा.

५. सुरक्षितता. दहा मुलांमागे एक शिक्षक असावा. मुली असल्यास शिक्षिका हवीच. घरी माडिया वा गोंडी बोलणारे मूल गर्दीत चुकल्यास घाबरून मराठीत पत्ता सांगू शकेलच असे नाही. म्हणून प्रत्येकाच्या खिशात मूल, शाळा, गाव व शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक मराठीत व हिंदीत लिहिलेली चिठ्ठी असावी. चढताना व उतरताना मुलांची मोजणी करावी.

६. वर्गातील पाठ. रेल्वेचे वेळापत्रक हे गणिताचे उत्तम साधन आहे. चोवीस तासांचे घड्याळ प्रथम शिकवावे. १५ तारखेच्या ००:२० च्या गाडीसाठी १४ तारखेच्या रात्रीच स्थानकावर हजर राहावे लागते, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. नकाशावर मार्ग रेखाटणे, अंतरे व खर्च मांडणे ही कामे गटांना वाटून द्यावी. हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेतच मांडला गेला. प्रत्यक्ष कामातून मिळालेले ज्ञान टिकते, याची प्रचीती मुलांना या तयारीत येईल.

केंद्रातील बैठकीत चर्चेसाठी :
(अ) आपल्या गावाच्या शेवटच्या एस. टी.पासून मागे येत परतीच्या दिवसाचे वेळापत्रक तयार करा.
(आ) गाडी दोन तास उशिरा आल्यास मुलांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय कोठे कराल?
(इ) वर्गणी देऊ न शकणाऱ्या मुलांना, त्यांची नावे उघड न करता, कसे सामावून घ्याल?