जुन्या मोटारीतील उपऱ्या तारा

जुन्या मोटारीत मूळ दोषांपेक्षा आधीच्या मालकांनी केलेल्या ‘सुधारणा’ अधिक त्रास देतात. ब्रिटनमध्ये १९४८ ते १९७१ या काळात तयार झालेली मॉरिस मायनर पाहा. तिच्या बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. पुढे आलेल्या पुष्कळशा ट्रान्झिस्टर रेडिओंना ऋण टोक सांगाड्यास लागे. म्हणून अनेकांनी बॅटरीची टोके बदलली. असे करताना डायनामोचे ध्रुवीकरण उलटावे लागते आणि इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी लागते. हे दुसरे काम बहुधा राहूनच जाते. गाडी चालते खरी, पण ठिणगीसाठी जास्त विद्युत्‌दाब लागतो, आणि ठपका मात्र बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर!

म्हणून प्रथम सांगाड्यास कोणते टोक जोडले आहे ते पाहावे. मग तारांचे रंग. तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी इग्निशन स्विचची, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून आलेली, काळी सांगाड्याची, तांबड्या-निळ्या दिव्यांच्या. यांत न बसणारी तार उपरी असण्याचा संभव असतो. पण ती लगेच कापू नये. एखाद्या तुटलेल्या मूळ तारेचे काम ती करीत असेल. तिचा मार्ग आधी कागदावर काढावा.

३५ अँपिअरच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळलेला दिसला, तर नुसता नवा फ्यूज घालून भागत नाही. असा कागद वेळेवर वितळत नाही. तार तापते आणि गाडी पेटू शकते. मुळात फ्यूज का जळत होता? पुष्कळदा पत्र्याच्या भोकाशी तारेचे वेष्टण घासलेले असते. ती जागा सापडेपर्यंत बॅटरी सोडवून ठेवावी.