लळिंगचा किल्ला

धुळ्याहून मुंबईच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर लळिंग गाव लागते. गावामागे डोंगर, डोंगरावर किल्ला. आम्ही ऊन तापायच्या आत चढायला लागलो. तुम्हीही तसेच करा.

हा किल्ला फारुकी राजांचा. त्यांचा मूळ पुरुष मलिक राजा. दिल्लीच्या फिरोजशहाने १३७० साली त्याला थाळनेर दिले. हे राजे आपले कूळ खलिफा उमर फारूक यांच्यापासून सांगत, म्हणून फारुकी. खलिफा म्हणजे धर्म आणि राज्य दोन्ही सांभाळणारा.

मलिक राजाचे गुरू दौलताबादचे शेख झैनुद्दीन. त्यांनी त्याला एक झगा दिला. फरिश्ता नावाचा इतिहासकार लिहितो, गादीवर बसणाऱ्याला तो झगा मिळे. दोनशे वर्षे असे चालले.

मलिक राजाने थोरल्या नसीरखानाला लळिंग दिले, धाकट्याला थाळनेर. वाटणी बापानेच केली, तरी भावांचे पटले नाही. झगा एकच, गुरू एकच! १४१७ साली नसीरने माळव्याची फौज आणून थाळनेर घेतले. वाटणीचे भांडण काही आपल्याच गावात होते असे नाही. पुढे १४३७ साली बहामनी फौजेने नसीरला लळिंगवर कोंडले. तो हरला आणि लवकरच वारला. १६०१ साली अकबराने फारुकींचे राज्यच घेतले.

वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ती नीट पाहा. वेढा पडला की गडाचा जीव या टाक्यांत. आता मात्र प्यायचे पाणी घरूनच न्यावे.