दुधाचा खाडा, कामाची हजेरी

बाय, लोट्याच्या कंपनीत तुझं काम झालं, ऐकून जीव सुखावला. संगमेश्वर सोडून थेट मुंबई गाठावी लागली नाही, हेच केवढं! पण कागदावर सही करण्याआधी ताईचं थोडं ऐक.

माझ्या पहिल्या नोकरीत मला तीन वर्षं दर आठव्या महिन्यात ‘ब्रेक’ मिळायचा. महिनाभराने पुन्हा बोलावायचे. शेवटी बोलावणंच आलं नाही. माझ्याच कामात खोट असेल, असं वाटून रात्ररात्र रडले. युनियनच्या एका जाणत्या काकांनी हजेरीचे दिवस मोजायला लावले, तेव्हा उमगलं. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कामगार कपात करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. ते दिवस भरूच द्यायचे नाहीत, म्हणून ब्रेक.

कायदा चुकवायची अशी पळवाट मोठ्या कारखान्यांतही निघाली. कपातीआधी सरकारची परवानगी घ्यायची सक्ती 1976 मध्ये 300 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना झाली, 1984 पासून 100 कामगारांच्या. आत असलेल्यांना आधार मिळाला. पण काढणं अवघड, म्हणून परमनंट घेताना मालक कचरू लागले आणि ठेकेदारांची माणसं वाढली. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहितेने ती मर्यादा पुन्हा 300 केली. भरतीचा हात मोकळा होईलही, पण काढणंही सोपं झालंय.

म्हणून नेमणूकपत्र नीट वाच. नोकरी कंपनीची, ठेकेदाराची की ठरावीक मुदतीची? मुदतीची असली तरी सवलती कायम कामगारासारख्याच, वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीही. मात्र मुदत संपून काम गेलं तर ती कपात धरत नाहीत. आणि कोणी घाईने राजीनाम्यावर सही मागितली, तर करू नको. आपण होऊन सोडलंस असं ठरलं, की कपातीची भरपाई गेली.

वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणा नाकारणं ही आपल्या राज्याच्या 1971 च्या कायद्याने अनुचित प्रथा आहे. तक्रारीची मुदत 90 दिवस. मला हे कळलं, तोवर ते उलटून गेले होते.

आई कालनिर्णयवर दुधाचा खाडा मांडते ना? त्याच्याच शेजारी तू तुझी हजेरी मांड. पहिल्या दिवसापासून.